बुधवारी बरा होणारा फ्रीज

४ जानेवारी, शनिवार

फ्रीज घरी आला.

शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या अडगळीत वीस-पंचवीस वर्षं पडून होता. गोल खांदे, जाडजूड दार, जुन्या मोटारीच्या दाराला असायचं तसं खटक्याचं हँडल. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि अंगाने माझ्यासारखाच. ठणठणीत.

निरोप समारंभात मला भिंतीवरचं घड्याळ देणार होते. मी म्हटलं, घड्याळ नको, तो फ्रीज द्या. मग आताच्या मुख्याध्यापिका (आठ वर्षं माझ्या हाताखाली प्रयोगवह्या तपासत होत्या) माइकवरून म्हणाल्या, बाईंनी एकतीस वर्षं सगळी यंत्रं फळ्यावर चालवली, आता एक खरंखुरं चालवून बघणार. सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत हसत होते. जबडा दुखतोय.

२२ फेब्रुवारीला शाळेला साठ वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी हा फ्रीज स्टेजवर, चालू, आत बर्फ. शेजारी मी, हातात पट्टी. मुख्याध्यापिकांना लेखी कळवलं. त्यांचं उत्तर: फ्रीज चालला नाही तर त्या वेळात 'बाईंच्या आठवणी' असा दहा मिनिटांचा कार्यक्रम ठेवू.

आठवणी! मी काय गेले?

सात आठवडे आहेत. तीन पुरतील. उरलेल्या चारांत भाषण.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११

काल टेम्पोवाला जाताना म्हणाला, आडवा झोपवून आणलाय, एक दिवस उभा ठेवा, तेल खाली बसू द्या, मग चालू करा. मी विचारलं, शिक्षण किती झालंय? त्याच्यासमोरच बटण दाबलं.

गुर्रर्र… टक.

चार मिनिटं शांतता. परत गुर्रर्र… टक. अजून चालू आहे.

जिवंत आहे! हे म्हणाले, आवाज करतो म्हणून जिवंत असेलच असं नाही. टपालखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं यंत्रांविषयीचं हे पहिलं मत. नोंद केली. दुर्लक्ष केलं.

७ जानेवारी, मंगळवार

ह्यांनी जेवताना हळूच विषय काढला. कोपऱ्यावरच्या फ्रीज-रिपेअरवाल्याला बोलवू या का?

कोपऱ्यावरचा म्हणजे सुप्त. माझाच विद्यार्थी. आता चाळिशी उलटली, पोट सुटलं, कानावर पेन्सिल. नववीत माझ्या विषयात दोनदा नापास. 'सुप्त उष्णता म्हणजे काय?' याने लिहिलं होतं: सुप्त उष्णता म्हणजे झोपलेली उष्णता. गरज पडली की ती उठते. मी शून्य दिलं आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याचं नाव सुप्त पडलं. मुलांनी ठेवलं. म्हणजे आधी मी म्हटलं, मग मुलांनी ठेवलं.

अजूनही मी रस्त्यात दिसले की तो पलीकडच्या फुटपाथवर जातो. आदर म्हणतात तो हाच.

मी सांगितलं, सुप्त या घरात पाऊल टाकणार नाही, आणि मी त्याच्या दुकानात. हे म्हणाले, बरं.

९ जानेवारी, गुरुवार

बेचाळीस नगांचा टूल सेट आणला. त्यातल्या सहा नगांचा उपयोग कळला. चांगली सुरुवात आहे.

दाराच्या रबराची चाचणी. आत टॉर्च लावून ठेवला, दार लावलं, खोलीत अंधार केला. चारही बाजूंनी प्रकाश. जणू फ्रीजमध्ये सूर्य उगवतोय. ह्यांना म्हटलं, आत बसून नेमकी फट बघता का? ते म्हणाले, या दाराचा खटका आतून उघडत नाही. मी म्हटलं, मी आहे ना बाहेर. ते म्हणाले, म्हणूनच.

११ जानेवारी, शनिवार

गॅस गळतो का हे बघायला नळ्यांना साबणाचं पाणी लावतात. जिथे बुडबुडा येतो तिथे गळती. सोपं आहे. मी पाणी जरा जोरात फेटलं. आता सगळीकडे बुडबुडे आहेत. शास्त्रीय दृष्ट्या संपूर्ण फ्रीज गळतो.

फेस सुकल्यावर पुन्हा बघणार. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली, तिच्या छतातून थेंब पडतायत म्हणून. तिला शीतकरणाचं चक्र समजावून सांगितलं. बाष्पीभवनापर्यंत आलो आणि तिला दूध आठवलं.

१३ जानेवारी, सोमवार

गुर्रर्र… टक. नऊ दिवस झाले. थंडावा नाही, पण सातत्य आहे.

हे दुपारी झोपतात. म्हणजे झोपायचे. आज कानात कापूस घालून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येक 'टक'ला डावी पापणी उडत होती. मला म्हणाले, तू तज्ज्ञ आहेस, पण तज्ज्ञांनीसुद्धा वाचत राहायला हवं. दर बुधवारी लायब्ररीत का जात नाहीस? बारा ते पाच?

तेहेतीस वर्षांच्या संसारात इतकी शहाणी सूचना ह्यांनी केलेली नाही. माझा उत्साह पाहून माणूस बदलतो आहे.

१५ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ६

लायब्ररीत शीतकरणावरचा जाडजूड ग्रंथ मिळाला. अकरा पानं वाचली. बाराव्यावर चिंतन केलं. पाचला लायब्रेरियनने खांदा हलवून उठवलं.

घरी आले आणि ऐकतच राहिले. 'टक' नाही! नुसतं गुर्रर्र. मोटर न थांबता चालली आहे. मागे जाऊन पाहिलं, काल मी घट्ट केलेला स्क्रू आणखी घट्ट दिसला.

ह्यांना विचारलं, काय केलं? म्हणाले, मी? मी चहा केला. ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले. दोन का? म्हणाले, एका कपातून प्यायचा कंटाळा आला. फरशीही पुसलेली. कचऱ्याच्या डब्यात जळकट काळा तुकडा होता, मिक्सरचा असावा.

निष्कर्ष: यंत्रावर सतत नजर असली की ते दडपणाखाली येतं. नजर हटली की सावरतं. मुलांचंही तसंच असतं, फक्त मी त्यांच्यावरची नजर कधी हटवली नाही. याला मी विश्रांती-सिद्धांत असं नाव दिलं आहे. भाषणात घेणार.

२० जानेवारी, सोमवार

मोटर चालते. थंड होत नाही. आत ठेवलेलं दूध खोलीतल्या दुधाच्या आधी नासलं. पण मोटर चालते!

ह्यांनी परत सुप्तचं नाव काढलं नाही. हरले.

२२ जानेवारी, बुधवार

सिद्धांताची दुसरी चाचणी. लायब्ररीत पाच तास. बारावं पान पूर्ण.

परत आले. फरक शून्य. हे म्हणाले, आज त्याला जमलं नाही, पुढच्या बुधवारी नक्की. कुणाला जमलं नाही? म्हणाले, फ्रीजला.

फ्रीजला 'त्याला' म्हणायला लागले आहेत. माया लागली.

२९ जानेवारी, बुधवार. रात्री ९

क्रमाने लिहिते.

पावणेसहाला आले. घरात जळका वास. फ्रीजच्या मागच्या भिंतीवर हातभर काळा डाग. हे म्हणाले, दूध उतू गेलं. स्वयंपाकघरातलं दूध उतू जाऊन हॉलच्या भिंतीपर्यंत कसं आलं? म्हणाले, फार उकळलं होतं.

पुढे भांडणार होते, पण दार उघडलं. आतल्या बर्फाच्या कप्प्यावर पांढरी साय. बोट लावलं. चिकटलं.

एकतीस वर्षं मी फळ्यावर बाण काढले. इथे द्रवाचं बाष्प होतं, इथे ते उष्णता शोषतं, इथून बाहेर टाकतं. दरवर्षी तोच निळा खडू, तोच लाल खडू. एकाही मुलाने विचारलं नाही की बाई, तुम्ही हे कधी बघितलंय का? विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी?

वाटीत पाणी ठेवलं. स्टूल घेऊन समोर बसले. अडीच तासांनी बर्फ. तोंडात टाकला. गंजाची चव. ह्यांनाही दिला. त्यांनी चघळला आणि वाटी धुऊन ठेवली. माझे डोळे का ओले झाले कुणास ठाऊक. गंजाने असेल.

आता म्हणा, बाई फळ्यावर यंत्रं चालवतात म्हणून!

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंग. लोक म्हणतात स्प्रे करा. स्प्रे म्हणजे आळशांचं काम. मी ब्रश घेतला. पिस्ता रंग.

आधी गंज घासायचा असतो असं ग्रंथात आहे म्हणे, पण ते बाविसावं पान. मी अजून चौदावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रंग वाळतोय. त्यात ब्रशाचे केस आणि एक डास कायमचे राहणार. हाताने केलेल्या वस्तूला असे बारकावे असतातच.

खटक्यात रंग गेला. दार उघडत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दार उघडलं. आता लागत नाही. ह्यांचा पट्टा बांधून ठेवलाय. हे दिवसभर एका हाताने पॅन्ट धरून फिरतायत आणि बुधवार कधी आहे असं दोनदा विचारलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुख्याध्यापिका 'सहज' घरी आल्या. तपासणी! फ्रीजभोवती एक फेरी मारली, पट्ट्याकडे बघितलं, डासाकडे बघितलं. म्हणाल्या, बाई, आठवणींचा कार्यक्रमही छान होईल, मुलांना तुमच्या गमती आवडतील.

मी पट्टा सोडला, बर्फाची वाटी काढली, त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ही माझी आठवण, धरा. त्या वाटी धरून तशाच उभ्या. बोटं लाल झाली तरी टेबलावर ठेवायचं सुचेना. शेवटी हळूच म्हणाल्या, हे खरंच तुम्ही केलंत? मी म्हटलं, तुम्हाला दुसरं कोण दिसतंय इथे?

हे आतून खोकले. सर्दी झाली असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लायब्ररीतून आले तर दार खटकन लागतंय. कागदाचा तुकडा दारात धरून ओढला तर निघेना. रबर तर नव्यासारखं. सिद्धांत आता सिद्ध झाला, कारण रबर स्वतः नवं होणं ही विश्रांतीची परमावधी.

फ्रीज भिंतीला टेकवून उभा होता. पुढे ओढणार, तर हे आडवे आले. म्हणाले, आता कार्यक्रमापर्यंत हलवायचा नाही, मागे बघायचंही नाही, विश्रांती! माझा सिद्धांत मलाच शिकवला. अभिमान वाटला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाषण तयार. पंचावन्न मिनिटं. मुख्याध्यापिकांनी दहा दिली आहेत. पंचेचाळीसचा प्रश्न तिथल्या तिथे सोडवू.

मांडणीही ठरली. सगळे फ्रीज समोरून दाखवतात. दार काय, कुणाच्याही घरी असतं. मी फ्रीजची पाठ प्रेक्षकांकडे करणार. नळ्या, मोटर, सगळं चक्र पट्टीने दाखवणार. मी दाराच्या बाजूला उभी राहून शेवटी बर्फ बाहेर काढणार. ह्यांना सांगितलं, तर चहा त्यांच्या शर्टावर सांडला. म्हणाले, पाठ नको. का? म्हणाले, पाठ दाखवणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, यंत्राला कसली लाज? दोन दिवस हाच वाद चालू आहे. मी काही ऐकत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्रीज चादरीत गुंडाळून शाळेत गेला. उभा नेला. (टेम्पोवाला तोच. माझ्याकडे बघून हसला. मीही सौजन्याने हसले.) हे पण टेम्पोत मागे बसून गेले. म्हणाले, पाठीवरची धूळ पुसतो. नख आणि रॉकेलचं फडकं घेऊन गेले होते. तासाभराने आले. निघत नाही, म्हणाले. धूळ? हो, म्हणाले, फार चिकट आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी

सगळं जसं झालं तसं लिहिणार आहे.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत चौथीची मुलं, मग पालक, मागे माजी विद्यार्थी. शेवटच्या खांबाआड सुप्त उभा दिसला, केस विंचरून, इस्त्रीच्या शर्टात. मुख्याध्यापिकांनी चादर ओढली. टाळ्या. मोटरीचा गुर्रर्र माइकमधून ऐकू येत होता.

मी सुरुवात केली. द्रव, बाष्प, उष्णता. पट्टी नळीवरून फिरत होती. मी दाराच्या बाजूने, हात वळवून. बाराव्या मिनिटाला विश्रांती-सिद्धांतावर आले. म्हटलं, या फ्रीजला मी दर बुधवारी एकांत दिला, आणि तो स्वतःच बरा होत गेला.

तेवढ्यात चौथीची मुलं वाचायला लागली. चौथीला अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची सवयच असते. आधी एक, मग चार, मग अख्खी रांग, एका सुरात. मला भरून आलं. वाटलं, स्टेजवर लावलेला माझा शीतकरण-चक्राचा तक्ता वाचतायत. पट्टी खाली ठेवून ऐकत राहिले.

"पंधरा जानेवारी, बुधवार. मोटरचा जळालेला रिले बदलला. एकोणतीस जानेवारी, बुधवार. गळती काढली, गॅस भरला. बारा फेब्रुवारी, बुधवार. रबर बदलले, खटका साफ केला. रंगकाम पार्टीचे. आमची जबाबदारी नाही."

खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर. तोही म्हटला, एकेक आकडा.

मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि पुढे येत गेलं. मी फ्रीजच्या पाठीमागे, म्हणजे लोकांच्या समोर, गेले. मोटरीच्या वर वितभर लांब पिवळं स्टिकर. एका कोपऱ्यावर नखाने खरवडल्याच्या खुणा.

मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. माइक हातातच होता. म्हटलं, 'जबाबदारी'तला एक काना राहिला आहे. मग दार उघडलं, बर्फ काढला, पहिल्या रांगेत वाटला आणि स्टेजवरून उतरले. त्रेचाळीस मिनिटांचं भाषण शिल्लक राहिलं.

खांबाआड बघितलं. सुप्त नव्हता.

२३ फेब्रुवारी, रविवार

कालपासून ह्यांच्याशी बोलले नव्हते. आज दुपारी ते समोर येऊन बसले. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, दुसऱ्या आठवड्यापासून. मला झोप हवी होती गं. टक-टक-टक, डोकं फुटायची वेळ आली होती.

म्हणजे माझ्यासाठी नाही, झोपेसाठी! म्हणाले, आधी झोपेसाठीच.

आणि मग?

"मग तो पहिल्या बुधवारी आला. चपला काढल्या, दारातच उभा. म्हणाला, बाई नक्की घरात नाहीत ना? मी म्हटलं नाहीत. तरी तो तासभर हळू आवाजात बोलत होता. पैसे घेईना. शेवटच्या बुधवारी स्टिकर मात्र लावलं, सवयीने, लावल्यावर जीभ चावली. तू त्याच्याकडे गेली नसतीस, तो तुझ्याकडे आला नसता. मध्ये कुणीतरी चहा करायला नको?"

मी म्हटलं, माझी सगळ्यांसमोर शोभा झाली. म्हणाले, झाली. एवढंच. समजूत घालायचाही प्रयत्न नाही. मग झोपायला गेले. आणि झोपले!

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुख्याध्यापिकांचा फोन. फ्रीज शिक्षकांच्या खोलीत ठेवू का? सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गार होतील. स्टिकर राहू देऊ का, नंबर उपयोगी पडेल? म्हटलं, राहू द्या. काना मी पेनने घालून जाईन.

आणि हो, रंगाचं कुणी विचारलं तर ठणकावून सांगा, रंग माझा आहे. डाससुद्धा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लायब्ररीत गेले नाही. घरातलं काही आपोआप दुरुस्त झालं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुप्तला सुनवायला गेले. काय बोलायचं ते कागदावर काढलं होतं, पाच मुद्दे. विचारल्याशिवाय माझ्या फ्रीजला हात लावलासच कसा, इथून सुरुवात.

तो एका उघड्या फ्रीजमागे जमिनीवर आडवा. माझ्या चपला दिसल्या असाव्यात. धडपडून उठला, डोकं आपटलं, म्हणाला, बाई, बसा. एकच स्टूल होतं, त्यावरची पाना-पक्कड उचलून फडक्याने पुसलं. मी बसले. कागद पर्समधून काढला. चष्मा घरी राहिला होता.

तो उभाच. शेवटी तो म्हणाला, बाई, तुमची पाठीमागची नळी सात ठिकाणी वाकली होती, सरळ करायला तीन तास गेले. मी विचारलं, कशाने वाकली असेल? त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे. मी म्हटलं, सरळ कशी करतात ते दाखव. त्याने तांब्याच्या नळीचा एक वाकडा तुकडा दिला. मी सरळ करायला गेले. चपटा झाला. दुसरा दिला. तोही झाला. तिसरा देताना म्हणाला, बाई, घाई नाही.

मी तिसरा हातात घेऊन बसले असताना एक गिऱ्हाईक आलं. एसीचं काही होतं. जाताना त्याने माझ्याकडे बघून सुप्तला विचारलं, या कोण? सुप्त म्हणाला, आमच्या बाई. गिऱ्हाईक म्हणालं, वा! फ्रीज दुरुस्त करतात?

सुप्तने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली, नीट विचार केला आणि म्हणाला, "नाही."

मी स्टुलावरून उठले नाही.